आधी गळ्यात, मग बोटांत

शाळेच्या जॅझ बँडमध्ये मूल दाखल झाले की काही महिन्यांत घरी एक कागद येतो. कागद स्वरलिपीने व्यवस्थित भरलेला असतो, आणि मध्येच सोळा बार मोकळे सोडलेले असतात. (बार म्हणजे चार मात्रांचा खण, दुसरा बार नव्हे.) तिथे स्वर नसतात. नुसत्या तिरक्या रेघा आणि त्यांच्या डोक्यावर इंग्रजी अक्षरे नि आकडे. "आई, इथे मी काय वाजवू?" या प्रश्नाचे उत्तर आपल्यापैकी बहुतेकांना देता येत नाही. बँडचे शिक्षक सांगतात, मनाने काहीतरी वाजव. गणित, बुद्धिबळ, स्पेलिंग बी यांचा अभ्यास कसा करून घ्यायचा हे आपल्या घरांत सर्वांना पाठ आहे. 'मनाने काहीतरी' याचा अभ्यास कसा करून घ्यायचा हे कुणालाच ठाऊक नाही. मग मूल प्रकाशकाने छापून दिलेला नमुन्याचा सोलो घोकते, किंवा हात वर न करता मागच्या रांगेत बसून राहते. आठवी-नववीत बँड सोडणारी काही मुले आपल्याच मंडळात मी पाहिली आहेत. विचारले की वेळ मिळत नाही म्हणतात. थोडे खोदून विचारले की त्या सोळा बारांची भीती बाहेर येते.

मी लहानपणी डोंबिवलीत हार्मोनियम शिकलो आणि वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, इथे शिकागोजवळ, टेनर सॅक्सोफोन हातात घेतला. त्यामुळे दोन्हीकडचा माझा अधिकार अर्धवटच आहे. पण त्या अर्धवट अधिकारातही एक गोष्ट खात्रीने सांगता येते: जॅझमधल्या मोठ्या वादकांनी 'मनाने वाजवणे' आकाशातून आणलेले नाही. ते त्यांनी आधीच्या वादकांच्या रेकॉर्डवरून, एकेक ओळ गळ्यात उतरवून मिळवले. तालमीच्या परंपरेतल्या आपल्या कानांना यात परके असे फारसे काही नाही.

चार्ली पार्करचीच गोष्ट घ्या. जॅझच्या इतिहासातला हा सर्वांत प्रतिभावान अल्टो सॅक्सोफोनवादक कॅन्सस सिटीत वाढला. १९३६ च्या सुमारास, पंधरा-सोळा वर्षांचा असताना, तो तिथल्या एका क्लबात मोठ्यांच्या जॅम सेशनमध्ये घुसला आणि मधेच चाल हरवून बसला. ड्रमवर जो जोन्स होता. त्याने झांज काढून पार्करच्या पायाशी फेकली, लोक हसले. पुढच्या, म्हणजे १९३७ च्या उन्हाळ्यात पार्कर एका बँडबरोबर मिसूरीतल्या ओझार्कच्या डोंगराळ भागात काम करायला गेला. जाताना त्याने काउंट बेसीच्या रेकॉर्ड नेल्या. त्या रेकॉर्डवर टेनर सॅक्सोफोन वाजवणारा लेस्टर यंग होता. पार्करने त्याचे सोलो स्वरान् स्वर पाठ केले, आणि बँडमधल्या पियानो व गिटारवाल्यांकडून कॉर्ड म्हणजे काय ते समजून घेतले. शहरात परतला तो निराळाच वादक होऊन. पुढे १९४० मध्ये जे मॅक्शॅनच्या बँडबरोबर कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरी त्याचे जे सुरुवातीचे ध्वनिमुद्रण झाले, त्यात लेस्टरची छाप कोणालाही ऐकू यावी इतकी ठळक आहे.

त्या काळातल्या लेस्टरच्या वादनात एक सोलो फार प्रसिद्ध आहे: गर्शविनच्या 'लेडी बी गुड' या गाण्यावरचा. ९ नोव्हेंबर १९३६ रोजी तो इथेच, शिकागोत, मुद्रित झाला. लेस्टर तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता आणि स्टुडिओत जाण्याची त्याची ही पहिलीच वेळ. बेसीने दुसऱ्या कंपनीशी करार केलेला असल्यामुळे त्याचे नाव छापता येईना; म्हणून बँडमधल्या दोघांच्या आडनावांवरून रेकॉर्डवर 'जोन्स-स्मिथ इन्कॉर्पोरेटेड' असे एखाद्या वखारीसारखे नाव आले. यातला जोन्स म्हणजे तोच, झांज फेकणारा जो जोन्स. ज्याने हाकलले त्याच्याच ठेक्यावरचे वादन पार्कर पाठ करत बसला होता.

आणि लेस्टर कुठून शिकला? फ्रँकी ट्रंबावर या गोऱ्या वादकाच्या रेकॉर्डवरून. १९२७ ची त्याची 'सिंगिन द ब्लूज' लेस्टर वाद्याच्या पेटीत घालून हिंडत असे. म्हणजे इथेही गुरू-शिष्याची साखळी आहे, फक्त गुरू बऱ्याचदा समोर नसतो. तो तीन मिनिटांच्या लाखेच्या तबकडीवर असतो आणि कितीही वेळा विचारले तरी कंटाळत नाही.

गिटारवाला वेस मॉन्टगोमेरी याची कथा मला याहूनही आवडते. इंडियानापोलिसचा हा माणूस, लिपी वाचता येत नव्हती. विशीच्या आसपास चार्ली क्रिश्चनच्या रेकॉर्ड ऐकल्या, गिटार आणली आणि दिवसाची नोकरी सांभाळून क्रिश्चनचे सोलो जसेच्या तसे बसवले. त्या जोरावर त्याला एका क्लबात काम मिळाले. काम काय, तर आपली वेळ आली की उठून क्रिश्चनचा सोलो वाजवायचा आणि खाली बसायचे! त्यापलीकडे त्याला काही येत नव्हते. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून तो पट्टीऐवजी अंगठ्याने तारा छेडत असे. पुढे तोच मऊ आवाज त्याची ओळख झाला. तो ऐकताना आज चार्ली क्रिश्चन कोणाच्या ध्यानातही येत नाही.

या अभ्यासाला इथे 'ट्रान्सक्राइब करणे' म्हणतात. शब्द थोडा फसवा आहे, कारण त्याचा सरळ अर्थ लिहून काढणे असा होतो आणि लिहिणे हा यातला सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे. हे सर्वांत स्पष्टपणे मांडले लेनी ट्रिस्टानोने. हा अंध पियानोवादक मूळचा शिकागोचा, १९४६ मध्ये न्यूयॉर्कला गेला आणि तिथे आयुष्यभर शिकवत राहिला. त्याच्याकडे येणारा विद्यार्थी कोणतेही वाद्य वाजवत असो, त्याला आधी लेस्टर यंगचा किंवा पार्करचा सोलो गायला सांगितले जाई. रेकॉर्डबरोबर गायचा, मग रेकॉर्डशिवाय. श्वास तिथेच, जोर तिथेच, स्वर सोडायचा तोही तसाच. हे जमल्यावर वाद्य हातात घ्यायचे. पेटीवर गाणे काढताना आमचे गुरुजी "आधी म्हणून दाखव" म्हणायचे. अमेरिकेत एक आंधळा पियानोवाला नेमके तेच सांगत होता, हे वाचून मला हसू आले होते.

मी 'लेडी बी गुड'चा तो सोलो असाच बसवला. चौसष्ट बार, ऐकायला जेमतेम सव्वा मिनिटाचा ऐवज. मला चार महिने लागले. पहिले तीन आठवडे नुसते ऐकणे: गाडीत, भांडी घासताना. मग गुणगुणणे. आपण गुणगुणतो ते ठीकच आहे असे वाटत असते. रेकॉर्ड बंद केली की भोके दिसतात. अमुक ओळ कुठे सुरू होते, समेवर की अर्धी मात्रा उशिरा? मधली उतरण चार स्वरांची की पाचांची? गळा प्रामाणिक असतो, बोटे नसतात. बोटांना सवयीच्या जागा असतात आणि ती आपल्याला ऐकू न आलेल्या जागी गुपचूप सवयीचे स्वर भरून टाकतात. म्हणून गळ्यात पक्के बसल्यावरच वाद्यावर स्वर शोधावेत, एका वेळी एकच वाक्य. आता वेग निम्मा करूनही पट्टी तीच ठेवणारी अ‍ॅप फोनवर मिळतात. पूर्वी लोक सुई उचलून पुन्हा मागे ठेवत, नाहीतर तबकडी अर्ध्या वेगाने फिरवून एक सप्तक खाली ऐकत. मी अ‍ॅप वापरतो, पण शेवटच्या उपायासारखे. सावकाश ऐकले की स्वर कळतात आणि झोक हरवतो.

हा झोक, ज्याला 'स्विंग' म्हणतात, कागदावर उतरतच नाही. लिपीत आठ स्वर एकसारखे दिसतात. लेस्टर ते कधीच एकसारखे वाजवत नाही आणि बहुतेक वेळा लयीच्या किंचित मागे रेलून असतो, उशीर न होता. आपल्याकडे भातखंड्यांनी शेकडो बंदिशी स्वरलिपीत उतरवून ठेवल्या, त्यांचे उपकार मोठे आहेत. पण क्रमिक पुस्तकावरून कोणी आग्रा घराण्याचा गायक झाला नाही. इथेही तसेच. पार्करच्या सोलोंचे 'ऑम्निबुक' १९७८ पासून बाजारात आहे आणि प्रत्येक सॅक्सोफोनवाल्याच्या घरी असते. ते डोळ्यांनी वाचून वाजवणारा माणूस दोन ओळींत ओळखू येतो. माझे मत विचाराल तर ते पुस्तक आपले उतरवलेले तपासायला उघडावे, आधी नाही.

एवढे सोलो पाठ करून त्या सोळा मोकळ्या बारांत काय होणार, हा रास्त प्रश्न आहे. त्यासाठी दुसरा अर्धा भाग लागतो: गाण्याचाच अभ्यास. जॅझ वादक जे काही 'मनाने' वाजवतो ते एखाद्या गाण्याच्या चौकटीवर वाजवतो. चौकट बहुधा बत्तीस बारांची, म्हणजे एकशे अठ्ठावीस मात्रांचे आवर्तन. ते पुरे झाले की पुन्हा पहिल्यापासून. तबल्यावर सम सांभाळणाऱ्याला याचे नवल वाटू नये. फरक इतकाच की इथे आवर्तनाच्या प्रत्येक खणाखाली स्वरांचा एक गट, म्हणजे कॉर्ड, ठरलेला असतो आणि तो बदलत राहतो.

सगळ्यांच्या तोंडी असलेले 'ऑल ऑफ मी' हे १९३१ चे गाणे घेऊ. इंग्रजी सी हा आपला सा धरा. पहिले दोन बार सा-ग-प, अगदी बिलावलाचे घर. तिसऱ्या बारात कॉर्ड बदलतो आणि त्यात कोमल ध येतो. पाचव्यात कोमल रे. सातव्या-आठव्यात पुन्हा शुद्ध स्वर, रे वर विसावा. नवव्यात परत कोमल ध. तेराव्या-चौदाव्यात तीव्र म. म्हणजे गाणे बिलावलाच्या अंगणात राहून एकेका पाहुण्या स्वराला दोन-दोन बारांपुरते घरात घेते. आता बिली हॉलिडेने १९४१ मध्ये गायलेले हेच गाणे ऐका. सॅक्सोफोनवर लेस्टरच आहे. किंवा या गाण्यावरचा दुसरा कोणताही चांगला सोलो उतरवा. तिसऱ्या बाराच्या आसपास तो कोमल ध बहुधा हजर असतो, कधी थेट, कधी शुद्ध धैवताला हात लावून मग खाली. पाहुणा आल्याचे वादक न बोलता सांगतो. मुलाला हे एकदा ऐकू आले की कागदावरची ती अक्षरे नि आकडे निव्वळ सांकेतिक खुणा उरत नाहीत. आठवड्याला पेटीवर सरगम घोकणाऱ्या आपल्या मुलांना तर हे गोऱ्या मित्रांपेक्षा लवकर ऐकू येते, असा माझा अनुभव आहे. त्यांना फक्त कोणी सांगितलेले नसते की ते हेच कान इकडे वापरू शकतात.

गाण्याचे शब्दही पाठ असावेत असे जुने लोक मानत. लेस्टर मानत असे. डेक्स्टर गॉर्डन तर संथ गाणे वाजवण्यापूर्वी त्याचे शब्द आपल्या खर्जातल्या आवाजात श्रोत्यांना म्हणून दाखवी. शब्द ठाऊक असले की श्वास कुठे घ्यायचा ते कळते. ट्रिस्टानोचा शिष्य ली कोनित्झ शिकवताना एकच गाणे दहा पायऱ्यांत चढायला लावी. पहिल्या पायरीवर मूळ चाल जशीच्या तशी, पुढच्या पायरीवर अगदी थोडा बदल, मग आणखी थोडा. दहाव्या पायरीवर पोचेपर्यंत चाल पूर्ण नवी झालेली असते आणि ती कधी बदलली हे वाजवणाऱ्यालाही सांगता येत नाही. बढत हा शब्द त्याला कोणी शिकवला नव्हता.

एक व्यावहारिक फायदाही आहे. गर्शविनचे १९३० चे 'आय गॉट रिदम' शिकलात की त्याच कॉर्डच्या चौकटीवर बांधलेल्या डझनावारी चाली हाती येतात: एलिंग्टनची १९४० ची 'कॉटन टेल', पार्कर आणि गिलेस्पीची 'अँथ्रोपॉलॉजी', सनी रॉलिन्सची १९५४ ची 'ओलिओ'. आपण एका चालीत दहा अभंग म्हणतो; इथे एका चौकटीत दहा चाली. यात थोडा हिशेबही होता. चालीवर मालकी हक्क लागतो, कॉर्डच्या क्रमावर लागत नाही. त्यामुळे नवी चाल बांधली की मूळ गाण्याचे पैसे द्यावे लागत नसत.

आता आक्षेप. इतकी नक्कल करून मूल नकलाकारच होणार नाही का? धोका खरा आहे. पार्करनंतर अमेरिकेत त्याच्या नकला करणाऱ्यांचे इतके पीक आले की चार्ल्स मिंगसने आपल्या एका रचनेचे नावच असे ठेवले: चार्ली पार्कर पिस्तूलबाज असता तर नकलाकारांचे कितीतरी मुडदे पडले असते. पण त्याच काळातला ली कोनित्झ पहा. ट्रिस्टानोच्या हाताखाली सोलो गाऊन-गाऊन तयार झालेला, आणि तरीही पार्करसारखा न वाजणारा अल्टोवाला म्हणूनच तो ओळखला गेला. २०२० मध्ये, ब्याण्णवाव्या वर्षी गेला तोवर वाजवत होता. आपल्याकडचा दाखला तर सर्वांना माहीत आहे. कुमार गंधर्व अगदी लहान वयात मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्ड हुबेहूब गाऊन दाखवत आणि लोक थक्क होत. मग त्यांना मुंबईत देवधर मास्तरांकडे ठेवले गेले, आणि पुढे काय झाले ते सांगायला नको. मास्तरांच्या शाळेत निरनिराळ्या घराण्यांचे गवई येत-जात. एकाच्या नकलेत अडकायला तिथे वावच नव्हता. मला वाटते मेख इथेच आहे. एकाचेच पाठ केले की त्याची सावली पडते, पाच जणांचे केले की त्यांचे आपसांत भांडण लागते आणि त्या भांडणात आपण बोलू लागतो. ट्रंपेटवाला क्लार्क टेरी विद्यार्थ्यांना तीन पायऱ्या सांगत असे: अनुकरण, आत्मसात करणे, नवे घडवणे. दुसरी पायरी सर्वांत लांब असते, आणि शाळेच्या स्पर्धांना तिच्यासाठी थांबायला वेळ नसतो.

या सगळ्यात आपली माणसे नुसती श्रोते होती असे समजू नका. गोव्यात चर्चच्या शाळांत लिपीवाचन शिकलेली मुले १९३० नंतर मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवू लागली. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबीने कृष्णवर्णीय वादकांचा बँड मुंबईत आणला, मग पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला. गोवेकरांनी त्यांच्या मांडीला मांडी लावून आणि रेकॉर्ड ऐकून विद्या उचलली. आल्दोनाचा अंतोनियो वाझ आर्मस्ट्राँगच्या धर्तीवर ट्रंपेट वाजवत 'चिक चॉकलेट' या नावाने गाजला. सी. रामचंद्रांनी त्याला आपल्याकडे घेतले. भगवानदादांच्या 'अलबेला'त (१९५१) त्याचा बँड पडद्यावरही दिसतो. संगीतकाराने गुणगुणायचे आणि गोवेकराने ते तिथल्या तिथे कागदावर उतरवून वादकांपुढे ठेवायचे, अशीच त्या काळची हिंदी गाणी उभी राहिली. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही नावे त्याच कामातली. उतरवण्याच्या कलेवर पोट भरणारे इतके कानाचे पक्के लोक एका शहरात क्वचित जमले असतील.

पुस्तकांबद्दल एक सूचना. मुलाच्या दप्तरात 'रिअल बुक' नावाचा जाडजूड ग्रंथ दिसला तर घाबरू नका. १९७० च्या दशकात बॉस्टनच्या बर्कली कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी गाण्यांच्या चाली आणि कॉर्ड स्वतः उतरवून, परवानगी न घेता झेरॉक्स करून विकायला काढलेले हे पुस्तक. रीतसर आवृत्ती निघाली ती २००४ मध्ये. उपयोगी आहे, पण जुन्या प्रतींत चुका भरपूर. मुलाने पुस्तकातला कॉर्ड खोटा ठरवून रेकॉर्डकडे बोट दाखवले, तर ते शिकू लागले असे समजावे आणि त्याचीच बाजू घ्यावी.

सुरुवात कुठून करावी असे मला विचारतात. लेस्टर नको, तो वाटतो तितका सोपा नाही. माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या 'काइंड ऑफ ब्लू'मधले पहिले गाणे, 'सो व्हॉट', घ्यावे. डी ला सा मानले तर त्यातले स्वर काफी थाटाचे: ग आणि नि कोमल. बत्तीस बारांपैकी सोळा बार तोच सा. नंतरचे आठ बार सा च अर्धा स्वर वर सरकतो. शेवटचे आठ पुन्हा खाली. कॉर्डची दुसरी धावपळ नाही. दीड मिनिटाच्या सुमारास माइल्सचा ट्रंपेट सुरू होतो आणि बरोबर दोन आवर्तने वाजवून थांबतो. स्वर थोडे, मोकळ्या जागा भरपूर, वेग बेताचा. दहा वर्षांच्या मुलालाही तो गाता येतो, आणि आईबाबांनाही. रविवारी मराठी शाळेला जाताना गाडीत तेवढी दोन मिनिटे पुन्हा-पुन्हा लावा आणि सगळ्यांनी मिळून गा. सा वर सरकतो ती जागा प्रथम कोण पकडतो ते बघा. आमच्याकडे ती आजीने पकडली.